सहव्याधी व कोव्हिड-१९

एखाद्या रोगाने आजारी असलेल्या व्यक्तीत आधीपासून असलेल्या किंवा त्याच काळात उद्भवलेल्या दुसऱ्या स्वतंत्र रोगास सहव्याधी म्हणतात. ही संकल्पना अमेरिकन वैद्य ॲल्व्हन फाइन्स्टाइन यांनी १९७० मध्ये मांडली. सहव्याधी आणि उपद्रव यांत भेद आहे. मूळ रोगामुळेच जो विकार निर्माण होतो तो उपद्रव होय. उदा., मधुमेह असलेल्या माणसास करोना विषाणूचा संसर्ग झाल्यास मधुमेह ही सहव्याधी होय. त्या संसर्गामुळे त्याला होणारा फुप्फुसशोथ (न्यूमोनिया) हा उपद्रव होय. कोव्हिड-१९ या रोगात रुग्ण सौम्य आजारातून बरा होतो, त्याला प्राणवायू द्यावा लागतो की तो दगावतो, हे ठरविणाऱ्या घटकांत वयाच्या खालोखाल सहव्याधींना महत्त्व आहे. तथापि सहव्याधी आहे म्हणजे मृत्यू अटळ आहे, असे नाही. सहव्याधी किती तीव्र आहे, ती कितपत नियंत्रणात आहे आणि साथीच्या काळात तिचा उपचार अखंड चालू राहिला किंवा नाही, यांवर परिणाम अवलंबून असतो.

पार्श्वभूमी : सार्स-कोव्ह-२ या विषाणूमुळे होणारा कोव्हिड-१९ हा रोग डिसेंबर २०१९ मध्ये चीनमधील वूहान शहरात प्रथम आढळला. भारतातील पहिला रुग्ण ३० जानेवारी २०२० रोजी केरळात, तर महाराष्ट्रातील पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी या साथीस जागतिक महामारी म्हटले आणि ५ मे २०२३ रोजी आंतरराष्ट्रीय आणीबाणीची स्थिती संपल्याचे जाहीर केले. विषाणू मात्र नाहीसा झालेला नसून त्याचे नवनवे प्रकार आढळत असतात. १९१८ च्या इन्फ्ल्यूएंझाच्या साथीत मुंबई इलाख्यात २० ते ४० वर्षे वयाची धडधाकट माणसेही फार मोठ्या संख्येने मृत्यू पावली होती. कोव्हिड-१९ चे स्वरूप त्याहून वेगळे आहे. या रोगात मृत्यूंचा भार मुख्यतः वृद्धांवर आणि सहव्याधी असलेल्यांवर पडला.

क्रियातंत्र : निरोगी माणसाची फुप्फुसे, हृदय व वृक्क (मूत्रपिंड) ही अंतस्त्ये नित्याच्या व्यवहारात आपल्या पूर्ण क्षमतेने काम करीत नाहीत. त्यांची बरीच क्षमता राखीव असते. जिना चढताना, ताप आला असता किंवा शस्त्रक्रियेनंतर ही राखीव क्षमता उपयोगी पडते. एक वृक्क काढून टाकले तरी मनुष्य जगू शकतो, तो याच कारणामुळे. वाढत्या वयाबरोबर व दीर्घकालीन रोगांमुळे ही क्षमता हळूहळू घटत जाते. रोजच्या व्यवहारात अडचण येत नसल्यामुळे ही घट रुग्णाच्या ध्यानात येत नाही. तीव्र संसर्गाचा ताण पडला म्हणजे ती उघड होते.

करोना विषाणू कोशिकेत शिरण्यासाठी तिच्या पृष्ठभागावरील ‘एसीई-२’ या प्रथिनाचा उपयोग करतो. हे प्रथिन नाक, घसा व फुप्फुसातील वायुकोश यांशिवाय हृदय, वृक्के आणि आतडी यांतही आढळते. रोगाच्या गंभीर प्रकारात साधारणपणे दोन टप्पे दिसतात. पहिल्या सु. आठवड्यात विषाणूंची संख्या वाढत जाते व ताप, खोकला, अंगदुखी ही लक्षणे असतात. दुसऱ्या आठवड्यात काही रुग्णांत शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच प्रमाणाबाहेर उद्दीपित होते. त्यामुळे वायुकोशांत द्रव साठून रक्तास प्राणवायू मिळेनासा होतो आणि रक्तवाहिन्यांचे अंतःस्तर सुजून त्यांत गुठळ्या होण्याची प्रवृत्ती वाढते. याच टप्प्यात सहव्याधींचा परिणाम विशेषेकरून प्रकट होतो. रक्तातील प्राणवायू घटला की, हृदयाला अधिक वेगाने काम करावे लागते. ज्याच्या हृदयाच्या रोहिण्या अरुंद झालेल्या आहेत त्याला ते झेपत नाही. मधुमेह, स्थूलता व रक्तदाबाधिक्य या रोगांत रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तराची हानी आधीच झालेली असते आणि शरीरात मंद स्वरूपाचा शोथही (दाहही) असतो. अशा भूमीवर विषाणूजन्य शोथाची भर पडते.

सांख्यिकीय पुरावा : चीनच्या रोगनियंत्रण केंद्राने फेब्रुवारी २०२० मध्ये ४४,६७२ निश्चित निदान झालेल्या रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांत एकूण मृत्युप्रमाण २.३ टक्के होते. नोंद झालेली कोणतीही सहव्याधी नसलेल्यांत ते ०.९ टक्के होते. उलट हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार असलेल्यांत १०.५, मधुमेहात ७.३, दीर्घकालीन श्वसनविकारांत ६.३, रक्तदाबाधिक्यात ६.० आणि कर्करोगात ५.६ टक्के होते. भारताच्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये दिलेल्या आकडेवारीनुसार सहव्याधी असलेल्या रुग्णांत मृत्युप्रमाण १७.९ टक्के, तर नसलेल्यांत १.२ टक्के होते. वयानुसार पाहता ४५ वर्षांखालील गटात ही प्रमाणे अनुक्रमे ८.८ व ०.२, ४५ ते ६० वर्षांच्या गटात १३.९ व १.५ आणि ६० वर्षांवरील गटात २४.६ व ४.८ टक्के अशी होती.

या आकड्यांचा अर्थ लावताना तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. पहिली म्हणजे वय. मधुमेह, रक्तदाबाधिक्य व हृद्रोग हे रोग उतारवयात अधिक आढळतात आणि वय वाढते तसा कोव्हिड-१९ मुळे मृत्यू येण्याचा धोकाही झपाट्याने वाढतो. अनेक देशांतील माहितीवरून लस उपलब्ध होण्यापूर्वी संसर्ग झालेल्या एकूण व्यक्तींत मृत्यूचे प्रमाण ५५ व्या वर्षी सु. ०.४ टक्के, ६५ व्या वर्षी १.४ टक्के व ७५ व्या वर्षी ४.६ टक्के असल्याचे अनुमान करण्यात आले. म्हणून सर्व वयांची सरमिसळ केल्यास वयाचा काही परिणाम सहव्याधीच्या खात्यावर जमा होतो. दुसरी गोष्ट म्हणजे छेद. वरील टक्केवारी निदान झालेल्या रुग्णांची आहे. मुंबईत जुलै २०२० मध्ये तीन प्रभागांत केलेल्या रक्तपाहणीत झोपडपट्टीतील सु. ५७ टक्के आणि इतर वस्तीतील सु. १६ टक्के लोकांत या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे आढळली होती. संसर्ग झालेल्या बहुसंख्य माणसांची रुग्ण म्हणून नोंदच झाली नव्हती, असा त्याचा अर्थ होतो. तिसरी गोष्ट नोंदीची. रुग्णालयात दगावलेल्या माणसाच्या कागदपत्रांत त्याच्या सर्व जुन्या रोगांची नोंद होते. घरी बऱ्या झालेल्या तरुणास मधुमेह आहे काय, असे सहसा कोणी विचारत नाही. त्यामुळे ४५ वर्षांखालील गटात दिसणारा चाळीस पटींहून अधिक फरक हा सर्वस्वी सहव्याधींमुळे पडलेला आहे, असे समजणे चुकीचे ठरेल.

या अडचणी टाळण्याचा प्रयत्न इंग्लंडमधील एका मोठ्या अभ्यासात करण्यात आला. त्याचे निष्कर्ष जुलै २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात १ कोटी ७२ लाखांहून अधिक प्रौढ व्यक्तींच्या वैद्यकीय नोंदी व कोव्हिड-१९ मुळे झालेले १०,९२६ मृत्यू यांचा एकत्र विचार केला होता. वय, लिंग, सामाजिक स्थिती व इतर रोग यांचा परिणाम वेगळा काढल्यावर मधुमेह नियंत्रणात असलेल्यांत धोका मधुमेह नसलेल्यांच्या सु. १.३ पट, तर नियंत्रणात नसलेल्यांत जवळजवळ दुप्पट आढळला. वृक्कांचे कार्य फारच मंदावलेल्यांत तो सु. २.५ पट व अंतस्त्यारोपण झालेल्यांत सु. ३.५ पट होता. याच अभ्यासात ८० वर्षांवरील व्यक्तींना पन्नाशीतील व्यक्तींच्या तुलनेने सु. २० पट धोका असल्याचे दिसून आले. सहव्याधींचा परिणाम खरा आहे. पण ढोबळ आकड्यांवरून वाटतो तेवढा तो प्रचंड नाही, हे यावरून स्पष्ट होते.

प्रमुख सहव्याधी : मधुमेह : भारतीयांच्या दृष्टीने ही सर्वांत महत्त्वाची सहव्याधी होय. रक्तातील ग्लुकोज दीर्घकाळ वाढलेले राहिल्यास पांढऱ्या कोशिकांची जंतू गिळण्याची व नष्ट करण्याची क्षमता मंदावते. उलट तीव्र संसर्गात शरीरात निर्माण होणाऱ्या हॉर्मोनांमुळे ग्लुकोज आणखी वाढते. असे हे दुष्टचक्र असते. चीनमधील हूबे प्रांतातील रुग्णालयांत केलेल्या एका अभ्यासात मधुमेह असलेल्या कोव्हिड-रुग्णांत मृत्युप्रमाण ७.८ टक्के, तर नसलेल्यांत २.७ टक्के आढळले. मात्र मधुमेही रुग्णांपैकी ज्यांची रक्तशर्करा रुग्णालयात असताना दर डेसिलिटरला सु. ७० ते १८० मिलिग्रॅम या मर्यादेत राहिली त्यांत ते १.१ टक्का आणि ज्यांची राहिली नाही त्यांत ११ टक्के होते. आजार जात्याच तीव्र असला तर शर्कराही अधिक वाढते, हे लक्षात घेतले तरी हा फरक बोलका आहे. [⟶ मधुमेह].

रक्तदाबाधिक्य व हृद्विकार : हृदयाच्या रोहिण्यांचा विकार व हृदयाची दुर्बलता यांमुळे धोका निश्चितपणे वाढतो. केवळ रक्तदाबाधिक्याचा वेगळा परिणाम मात्र वय व इतर रोग वजा केल्यावर फारसा उरत नाही. साथीच्या प्रारंभी रक्तदाबावरील काही औषधे एसीई-२ या प्रथिनाचे प्रमाण वाढवून विषाणूस साहाय्य करीत असावीत, अशी शंका व्यक्त झाली आणि काही रुग्णांनी ती आपण होऊन बंद केली. नंतरच्या नियंत्रित परीक्षांत ही औषधे चालू ठेवल्याने अपाय होत नाही, असे सिद्ध झाले. ती एकाएकी थांबविण्यात मात्र धोका असतो.

स्थूलता : पोटावरील मेदामुळे मध्यपटलाची हालचाल मर्यादित होते व उताण्या स्थितीत फुप्फुसांचे तळ नीट प्रसरण पावत नाहीत. मेदोतकामुळे शोथकारक द्रव्यांचे प्रमाणही वाढते. या सहव्याधीचा परिणाम तुलनेने तरुण रुग्णांत ठळकपणे दिसतो. भारतीयांत वजन फार नसतानाही पोटाभोवती मेद साठण्याची प्रवृत्ती असल्यामुळे पाश्चात्त्य देशांतील वजनाच्या मर्यादा येथे जशाच्या तशा लावता येत नाहीत.

वृक्कविकार : वृक्के निकामी झालेल्या रुग्णाची रोगप्रतिकारक्षमता कमी असते. शिवाय त्याला अपोहनासाठी (डायालिसिससाठी) आठवड्यातून दोन-तीन वेळा रुग्णालयात जावेच लागते. त्यामुळे घरी राहून संसर्ग टाळण्याचा मार्ग त्याला उपलब्ध नसतो.

श्वसनविकार : दीर्घकालीन श्वासनलिकाशोथ व वातस्फीती यांत फुप्फुसाची राखीव क्षमता आधीच घटलेली असल्याने धोका वाढतो. साध्या, आटोक्यात असलेल्या दम्याने तो लक्षणीय वाढत नाही. क्षयरोगाच्या बाबतीत दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केप प्रांतातील अभ्यासात, चालू क्षयरोग असलेल्यांत कोव्हिडमुळे मृत्यूचा धोका सु. २.७ पट व एचआयव्ही-बाधितांत सु. २.१ पट आढळला. साथीच्या काळात भारतात क्षयरोगाच्या निदानातही खंड पडला. २०१९ मध्ये देशात २४.०४ लाख क्षयरुग्णांची नोंद झाली होती. २०२० मध्ये ती १८.०५ लाखांवर आली. हे रुग्ण बरे झालेले नव्हते, तर त्यांचा शोध लागलेला नव्हता.

कर्करोग : रक्ताचे कर्करोग, त्यांवरील रासायनी चिकित्सा आणि प्रतिकारक्षमता दडपणारी औषधे यांमुळे विषाणू शरीरात दीर्घकाळ टिकून राहू शकतो. अशा रुग्णांत लसीचा प्रतिसादही क्षीण असतो.

उल्हासनगरचे उदाहरण : सहव्याधीचा परिणाम रुग्णाच्या शरीराप्रमाणेच त्याच्या वस्तीवर व परिस्थितीवरही अवलंबून असतो, हे ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर शहरावरून समजून घेता येते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना वसविण्यात आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वसाहतीस उल्हासनगर हे नाव देण्यात आले. छावणीचे पाच विभाग आजही कॅम्प क्र. १ ते ५ याच नावांनी ओळखले जातात. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ५,०६,०९८ असून क्षेत्रफळ सु. १३ चौ. किमी. आहे, म्हणजे दर चौ. किमी.स सु. ३९,००० लोक राहतात. अंबरनाथच्या बाजूस असलेल्या कॅम्प क्र. ५ मध्ये जीन्सचे कपडे शिवण्याचे अनेक लहान कारखाने आहेत.

अशा दाट वस्तीत सहव्याधी असलेल्या वृद्धास वेगळे ठेवणे अवघड असते. जुन्या बराकींच्या वाटण्या होऊन झालेल्या खोल्यांत किंवा त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींतील लहान सदनिकांत तीन पिढ्या एकत्र राहतात. घरातील तरुण कामासाठी बाहेर जातो, त्याला सौम्य संसर्ग होतो व तोच विषाणू घरातील मधुमेही आजीपर्यंत पोहोचतो. म्हणजे सहव्याधी असलेल्या व्यक्तीचा धोका घरातील निरोगी व्यक्तींच्या वागणुकीवर व त्यांच्या पोटापाण्याच्या गरजेवर अवलंबून असतो. दुसरी अडचण उपचारांच्या सातत्याची. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील लोकांना विशेष उपचारांसाठी बहुधा ठाणे किंवा मुंबई गाठावी लागते आणि तेथे जाण्याचे मुख्य साधन म्हणजे उपनगरी रेल्वे. मार्च २०२० मध्ये ही रेल्वे प्रवाशांसाठी बंद झाली. १५ जून २०२० पासून ती सुरू झाली, तीही प्रथम केवळ अत्यावश्यक सेवांतील कर्मचाऱ्यांपुरती. नियमित तपासणी, रासायनी चिकित्सा किंवा हृदयाच्या औषधांतील फेरबदल यांसाठी जाणाऱ्या रुग्णांच्या दृष्टीने हा खंड गंभीर होता.

या शहराच्या संदर्भात थॅलॅसेमिया या सहव्याधीचा स्वतंत्र विचार करावा लागतो. हा रक्ताचा आनुवंशिक विकार असून त्याच्या एका जीनाचे वाहक भारतात सरासरीने ३ ते ४ टक्के आहेत. सिंधी व इतर काही समाजांत हे प्रमाण त्याहून बरेच अधिक आहे. आई व वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास तीव्र थॅलॅसेमिया होण्याची शक्यता २५ टक्के असते. अशा मुलास दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. दिलेल्या रक्तातील लोह शरीरात साचत जाऊन हृदय, यकृत व अग्निपिंड यांची हानी होते. अग्निपिंडाची हानी झाल्यास मधुमेह होतो. काहींची प्लीहा काढून टाकलेली असते व त्यामुळे जंतुसंसर्गाचा प्रतिकार आणखी दुबळा होतो. कोव्हिड-१९ झालेल्या थॅलॅसेमिया-रुग्णांत आजाराची तीव्रता प्रामुख्याने वय व लोहसंचयामुळे झालेले हृदयाचे विकार किंवा मधुमेह यांवर अवलंबून असल्याचे आढळले. लोह आटोक्यात ठेवलेल्या तरुण रुग्णांत आजार बहुधा सौम्य होता. या रुग्णांवर संकट आले ते अधिक करून दुसऱ्या मार्गाने. टाळेबंदीत महाविद्यालये, कार्यालये व धार्मिक संस्था यांतील रक्तदान शिबिरे थांबली आणि रक्तपेढ्यांत तुटवडा निर्माण झाला. नियमित रक्तावर जगणाऱ्या मुलास विषाणूचा स्पर्शही न होता साथीची झळ लागते, ती अशी. [⟶ थॅलॅसेमिया].

उपचार : सहव्याधी असलेल्या रुग्णावर उपचार करताना मूळ रोगाची औषधे चालू ठेवणे, रक्तशर्करा व रक्तदाब वारंवार पाहणे आणि बोटाला लावण्याच्या प्राणवायुमापकाने (ऑक्सिमीटरने) रक्तातील प्राणवायूवर लक्ष ठेवणे आवश्यक असते. काही रुग्णांत प्राणवायू बराच घटला तरी धाप लागत नाही. त्यामुळे ‘मला बरे वाटते आहे’ या रुग्णाच्या सांगण्यावर विसंबून राहता येत नाही. ९४ टक्क्यांहून कमी प्राणवायू ही रुग्णालयात हलविण्याची सूचना मानली जाते.

जून २०२० मध्ये ब्रिटनमधील एका मोठ्या नियंत्रित परीक्षेतून डेक्सामेथॅसोन या स्वस्त स्टेरॉइडाची उपयुक्तता सिद्ध झाली. कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांत मृत्युप्रमाण ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्के व केवळ प्राणवायू घेणाऱ्यांत २६.२ टक्क्यांवरून २३.३ टक्के झाले. प्राणवायूची गरज नसलेल्यांना मात्र त्यापासून लाभ झाला नाही. त्यांच्यात मृत्युप्रमाण औषध न दिलेल्यांत १४ टक्के, तर औषध दिलेल्यांत १७.८ टक्के होते, पण हा फरक निर्णायक नव्हता. स्टेरॉइडामुळे रक्तशर्करा वाढते. म्हणून मधुमेही रुग्णास ते योग्य वेळी, योग्य मात्रेत, मर्यादित दिवस आणि शर्करेवर लक्ष ठेवूनच द्यावे लागते.

हे पथ्य न पाळल्याचे परिणाम २०२१ च्या दुसऱ्या लाटेत दिसले. म्यूकर गटातील कवकांपासून (बुरशींपासून) होणारा म्यूकरमायकोसिस हा एरवी विरळ असणारा रोग भारतात मोठ्या प्रमाणावर उद्भवला व महाराष्ट्र आणि गुजरात या राज्यांत त्याचे रुग्ण सर्वांत अधिक होते. या कवकाचे बीजुक हवेत व मातीत सर्वत्र असतात. निरोगी माणसास ते अपाय करीत नाहीत. अनियंत्रित मधुमेह, स्टेरॉइडांचा अवाजवी वापर आणि संसर्गाने दुबळी झालेली प्रतिकारक्षमता ही तीन एकत्र आली की, ते नाकाच्या सायनसांत वाढून डोळा व मेंदू यांपर्यंत पोहोचतात. अनेक रुग्णांचा वरचा जबडा किंवा डोळा शस्त्रक्रियेने काढून टाकावा लागला. २० मे २०२१ रोजी केंद्र सरकारने हा रोग साथरोग अधिनियम, १८९७ खाली अधिसूचित करण्यास राज्यांना कळविले. कोव्हिडमधून वाचलेला रुग्ण सहव्याधीच्या दुर्लक्षामुळे कसा दगावू शकतो, याचे हे ठळक उदाहरण होय. यांपैकी बऱ्याच जणांना आपणास मधुमेह आहे हे रुग्णालयात आल्यावरच प्रथम समजले.

प्रतिबंध : महाराष्ट्र शासनाने १५ सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम राबविली. तीत आरोग्य पथके घरोघर जाऊन तापमान व रक्तातील प्राणवायू मोजीत आणि मधुमेह, हृद्रोग, कर्करोग, स्थूलता इ. सहव्याधींची चौकशी करून नोंद ठेवीत. संसर्ग होण्यापूर्वीच धोक्यातील व्यक्ती हुडकून काढण्याचा हा प्रयत्न होता. मात्र अशा पाहणीत ज्ञात रोगांचीच नोंद होऊ शकते. ज्याचे निदान झालेले नाही असा मधुमेह केवळ विचारून सापडत नाही.

लसीकरणातही सहव्याधींना स्थान देण्यात आले. भारतात १६ जानेवारी २०२१ रोजी आरोग्य कर्मचाऱ्यांपासून लसीकरण सुरू झाले. १ मार्च २०२१ पासून ६० वर्षांवरील सर्व व्यक्ती व ४५ ते ५९ वर्षे वयाच्या, ठरावीक २० सहव्याधींपैकी एखादी असलेल्या व्यक्ती यांना लस देण्यात येऊ लागली. या यादीत तीव्र थॅलॅसेमियाचाही समावेश होता. परंतु तीव्र थॅलॅसेमियाचे बहुतेक रुग्ण ४५ वर्षांहून लहान असल्याने त्यांना १ मे २०२१ पासून १८ वर्षांवरील सर्वांसाठी लसीकरण खुले होईपर्यंत थांबावे लागले. सहव्याधी असलेल्याने डॉक्टरचे प्रमाणपत्र सादर करणे आवश्यक होते. ज्याच्या रोगाचे निदानच झालेले नव्हते त्याला अर्थातच ते मिळणे शक्य नव्हते. १ एप्रिल २०२१ पासून ४५ वर्षांवरील सर्वांना लस खुली झाल्यावर त्या वयोगटापुरती ही अट उरली नाही. लसीमुळे गंभीर आजार व मृत्यू यांचे प्रमाण सहव्याधी असलेल्यांतही मोठ्या प्रमाणात घटले. अतिवृद्ध व प्रतिकारक्षमता दडपलेले रुग्ण यांच्यात मात्र काही धोका शिल्लक राहतो.

मृत्यूची नोंद : साथीच्या काळात मृतास सहव्याधी होती, या विधानाचा उपयोग पुष्कळदा मृत्यूचे स्पष्टीकरण म्हणून केला गेला. वैद्यकीय दृष्ट्या ते अपुरे आहे. मधुमेह असूनही आणखी पंधरा-वीस वर्षे जगू शकला असता असा माणूस विषाणूजन्य फुप्फुसशोथाने दगावतो, तेव्हा त्याच्या मृत्यूचे मूळ कारण कोव्हिड-१९ हेच असते. मधुमेह हा सहायक घटक होय. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्येच प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात अशा मृत्यूंत मधुमेह, दमा, हृद्रोग यांसारख्या रोगांची नोंद मूळ कारण म्हणून करू नये, असे स्पष्ट केले होते. हा प्रश्न केवळ सांख्यिकीचा नव्हता. सर्वोच्च न्यायालयाच्या ३० जून २०२१ च्या निर्णयानंतर मृतांच्या कुटुंबीयांना ५०,००० रुपयांचे सानुग्रह साहाय्य देण्याचे ठरले आणि त्यासाठी मृत्यूचे कारण कोव्हिड-१९ असल्याचा पुरावा द्यावा लागत असे. प्रमाणपत्रावर केवळ ‘हृदयक्रिया बंद पडल्याने’ असे लिहिले गेले असल्यास कुटुंबास जिल्हास्तरीय समितीकडे जाण्याची तरतूद करण्यात आली होती. संसर्गाचे निदान झाल्यापासून ३० दिवसांत झालेला मृत्यू, तो रुग्णालयाबाहेर झाला असला तरी, कोव्हिड-१९ मुळे झाला असे मानण्याचे तत्त्व त्याच वेळी स्वीकारण्यात आले.

सहव्याधी ही भारतात अपवादात्मक अवस्था नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशातील प्रौढांपैकी सु. ११.४ टक्के, म्हणजे सु. १०.१ कोटी व्यक्तींना मधुमेह आणि सु. ३५.५ टक्के व्यक्तींना रक्तदाबाधिक्य आहे. यावरून धोक्यातील लोक म्हणजे समाजातील एखादा लहान गट नसून जवळजवळ प्रत्येक कुटुंबातील कोणी तरी व्यक्ती होय, असे दिसते. नव्या विषाणूचे आगमन आधी कळत नाही व त्यावरील लस तयार होण्यास अवधी लागतो. याउलट रक्तशर्करा व रक्तदाब मोजण्याची साधने साधी व स्वस्त असून त्यांवरील औषधे सर्वत्र मिळतात. जवळच्या दवाखान्यात या रोगांचे वेळीच निदान होणे व साथीच्या काळातही त्यांचा उपचार खंडित न होणे, ही पुढील साथीविरुद्धची पूर्वतयारीच होय.